चौकटीतलं पत्र

गौतमने भिंतीवरची चौकट ओढली तेव्हा खिळ्यासकट पोपडाही खाली आला. चौकटीत देव नव्हता. बँकेचं पत्र होतं. तीन वर्षांपूर्वी त्याची नोकरी सुटली, शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते थकले आणि वसुलीवाले लालबागच्या चाळीत येऊन आईला नाही नाही ते बोलून गेले. तेव्हा बाबांनी मुदतीआधीच एकरकमी पैसे भरून कर्ज मिटवलं. गिरणीच्या मालकाशी भांडण्यात उमर गेलेला माणूस. बँकेशीही घासाघीस करून ऐंशी हजार माफ करून घेतले. चाळभर पेढे वाटले आणि कर्ज मिटल्याचं पत्र मढवून देवांशेजारी लावलं.

आज त्याच पत्राने घात केला होता. वीस वर्षं वाट पाहिल्यावर गिरणी कामगारांच्या सोडतीत बाबांना खोली लागली होती. दोन महिन्यांत पैसे भरायचे, नाहीतर खोली गेली. आणि बँकेने बापलेक दोघांनाही कर्ज नाकारलं, कारण जुन्या कर्जावर दोघांच्या सह्या होत्या. बँकेतल्या साहेबाने समजावलं होतं, की मुदतीआधी पूर्ण फेडलं असतं तर काही बिघडलं नसतं. सूट घेतलीत, म्हणून बँकेच्या तोट्याची नोंद तुमच्या नावावर बसली.

"ऐंशी हजार वाचवलंय मी, झिला," बाबा म्हणाले आणि हसले.

ते हसणं गौतमच्या डोक्यात गेलं. त्याने चौकट लादीवर आपटली. स्टूल उचलून कपाटाचा आरसा फोडला, टीव्ही फोडला. मध्ये पडलेल्या आईला त्याने असं ढकललं, की ती मोरीच्या कठड्यावर आदळली. तरी त्याचं समाधान होईना.

"तुमच्या शहाणपणाने वाट लागली आमची," म्हणत त्याने स्टूल पत्रावर हाणलं. दुसऱ्यांदा उगारलं तेव्हा बाबांनी पत्र वाचवायला उजवा हात घातला. खोटं कशाला बोला, गौतमला तो हात दिसला होता. तरी त्याने हाणलंच.

परळच्या इस्पितळात बाबांच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. तीन बोटांचा चुरा झाला होता.

चौथ्या दिवशी आईच्या बांगड्या मोडून बापलेक बँकेत गेले. चौकशीत कळलं होतं, माफ झालेले ऐंशी हजार भरले की पूर्ण फेडीचं पत्र मिळणार होतं, महिन्याभरात नोंद दुरुस्त होणार होती, खोली वाचणार होती. अर्जावर फक्त दोघांच्या सह्या हव्या होत्या. साहेबाने हाताला काय झालं ते विचारलं.

"मोरीत पडलंय," बाबा म्हणाले.

साहेबाने शाईचा पॅड पुढे सरकवला. गिरणीत पगाराच्या दिवशी बाबा अंगठेवाल्यांच्या रांगेत कधी उभे राहिले नव्हते. आपण सातवी पास आहोत हे ते ओळख नसलेल्यालाही सांगायचे. मुलाला शिकवायला कर्ज काढलं तेही ऐटीत सही ठोकून. आता अंगठा कसा लावतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. गौतमने त्यांचा डावा अंगठा धरून शाईत दाबला आणि कागदावर टेकवला. ठसा पुसटच उमटला.

"नीट दाब," बाबा म्हणाले. "परत येऊक नको."