सुतारकाकांचं फ्रूट सॅलड

उन्हानं जीव नकोसा झाला तेव्हा काकूंनी फर्मान सोडलं, "अहो, आज फळं तुम्ही चिरा."

सुतारकाकांची हयात लाकडात गेलेली. फोडी करून वाडग्यात ओतायच्या म्हणजे त्यांना भंगार गोळा केल्यासारखं वाटलं. त्यांनी कानावर पेन्सिल खोचली, कलिंगड काटकोनात कापलं, त्याला खाचा पाडल्या, त्यांत खरबूज ठोकून बसवलं आणि उरल्यासुरल्या फटींत द्राक्षं दाबली. खाली केळ्यांचे चार पाय लावले, कारण जमिनीवर ठेवायच्या वस्तूला पाय हवेतच.

काकू चमचा घेऊन आल्या. चमचा कुठूनच आत शिरेना.

"अहो, हे खायचं कसं?"

"खायचं?" काका दुखावले. "अगं, जोड बघ जोड!"

तेवढ्यात शेजारीणबाई घामाघूम होऊन आत आल्या आणि काकू "अहो, नका!" म्हणेपर्यंत त्यावर टेकल्यासुद्धा. क्षणभर त्यांनी डोळे मिटले.

"अगंबाई, काय गारवा! सगळा शीण गेला बघा."

काकूंनी कपाळावर हात मारला. काका मात्र गुडघ्यांवर बसून केळी न्याहाळत होते.

"वहिनी, खरं सांगा," ते काळजीनं म्हणाले, "डुगडुगत तर नाही ना?"