मंदाकाकूंनी शोधलेला हर्निया

मनवेलपाड्यातल्या त्या अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं, की मंदाकाकूंच्या पाच महिन्यांच्या नातवाचं, सुमेधचं, हर्नियाचं ऑपरेशन झालंय. हर्निया मंदाकाकूंनीच शोधला होता. डॉक्टरांनी केली होती सुंता, कारण बाळाची लघवी अडकत होती. पण आपल्यात सुंता का केली, हे जिन्यात उभं राहून कोणाकोणाला समजावणार? त्यापेक्षा हर्निया बरा. तो सगळ्या धर्मांत चालतो.

ऑपरेशन सकाळी झालं, दुपारी बाळ घरी आलं आणि संध्याकाळपर्यंत त्याचे चार लंगोट रक्ताने भिजले. मंदाकाकू ते धुऊन आतल्या खोलीत वाळत घालत होत्या. बाहेरच्या दोरीवर कोणी पाहिले तर?

सुमेधच्या आईची, राधिकाची, धाकटी बहीण आर्या गास गावाहून भाच्याला बघायला आली होती. नववीतली. तिने पाचवा लंगोट उघडला आणि सरळ रिक्षा बोलावली.

जवळच्या दुसऱ्याच हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसलं ऑपरेशन?"

"हर्नियाचं," मंदाकाकू सवयीने म्हणाल्या. बाई बाळाचं पोट चाचपू लागल्या.

"पोटाला काही नाही झालं, मॅडम. सुंता केलीय," आर्या म्हणाली. बाहेरच्या बाकावरची दोन डोकी वळली. मंदाकाकूंनी पदर नाकापर्यंत ओढला.

बाईंनी पट्टी दाबून धरली. रक्त थांबेना. "आईकडच्या कोणा पुरुषाला रक्त न थांबण्याचा त्रास?"

"नाही," राधिका म्हणाली, जरा जास्तच पटकन.

आर्याने ताईकडे पाहिलं. त्यांच्या देवेंद्रमामाला घरात कोणी कोयत्याला हात लावू देत नसे. एकदा दाढ काढली, तर तीन दिवस रक्त वाहिलं. राधिकाच्या लग्नात सासरच्यांना सांगितलं होतं, मामाला उष्णता आहे, म्हणून रक्त येतं. मंदाकाकूंचा हर्निया तर कालपरवाचा. ही उष्णता चार वर्षं जुनी.

"आर्या, नको हं," राधिका पुटपुटली.

"मग काय, सहावा लंगोट बघायचा?" आर्या बाईंकडे वळली. "आमच्या मामाला हिमोफिलिया आहे. त्याला इंजेक्शनं घ्यावी लागतात."

बाईंनी आधी फोन उचलला, मग आवाज चढवला. "हे सकाळी सांगितलं असतं, तर त्याला कोणी चाकू लावला नसता."

रक्त तपासायला गेलं, इंजेक्शन आलं. दोनेक तासांनी नवी पट्टी पांढरीच राहिली. हे आता जन्मभर सांभाळायचं, असं बाई सांगून गेल्या.

मंदाकाकूंचा पदर एव्हाना खांद्यावर आला होता. "लग्नाच्या वेळी का लपवलंत?"

राधिका मांडीवरच्या सुमेधचं दुपटं सारखं करू लागली. उत्तर आर्यानेच दिलं. "सांगितलं असतं, तर ताईला सून करून घेतलं असतंत, काकू?"

मंदाकाकूंनी बराच विचार केला.

"नसतं," त्या म्हणाल्या, आणि राधिकाच्या मांडीवरून सुमेधला असं उचलून घेतलं, जणू कोणी त्याला परत न्यायला आलं होतं.