तीनशे बारा वाक्यं

पद्माबाईंचा आवाज असा होता, की पिंपळे गुरवातल्या तिसऱ्या मजल्यावरून त्यांनी "अहो!" म्हटलं तर चाकणच्या चौकातले निम्मे ट्रक ड्रायव्हर दचकून ब्रेक दाबत. उरलेले निम्मे अविवाहित होते. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला आवाज तो. त्यांच्या वर्गाच्या भिंतीवरची पालसुद्धा सत्ताविसाचा पाढा न अडखळता म्हणायची, असं सांगतात. पालीचं सोडून द्या. मुलं म्हणायची, एवढं मात्र खरं.

मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. जीव वाचेल, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनला अकरा दिवस होते. मुलगा केयूर बंगळूरहून आला, आईपुढे माइक ठेवून बसला, आणि त्या अकरा दिवसांत पद्माबाईंनी उरलेल्या आयुष्याला लागेल तेवढं बोलून ठेवलं. मोजून तीनशे बारा वाक्यं. 'कोण आहे?' 'मीठ कमी पडलंय.' 'आज पाठ धरलीय.' 'केयूर, जेवलास का?' 'अहो, ओला टॉवेल पलंगावर टाकू नका.' केयूरनं एकेका वाक्याचा एकेक चौकोन करून लॅपटॉपच्या पडद्यावर मांडला. चौकोनावर बोट टेकवलं की आईचा आवाज यायचा.

"आई, याची एक प्रत इंटरनेटवर ठेवतो," तो तेव्हा म्हणाला होता.

"माझा आवाज परक्याच्या कपाटात नको. घरात राहू दे."

त्यांच्या गळ्यातून निघालेल्या शेवटच्या काही वाक्यांतलं ते एक. ते कोण मोडणार? नाहीच मोडलं कुणी.

ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं. लॅपटॉप दिवसभर जेवणाच्या टेबलावर उघडा असायचा, आणि पद्माबाईंचे यजमान मधुसूदनराव पूर्वीसारखीच बोलणी खायचे. पूर्वी ती मुकाट्यानं खायचे, आता चवीनं.

मधुसूदनरावांनी पस्तीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढली होती. त्यांचा कान असा, की लेथ सुरू झाली की बेअरिंग किती झिजलंय ते सांगायचेच, वर चालवणाऱ्याच्या डब्यात आज भेंडी आहे हेही सांगायचे. त्या टूलरूममध्ये खंडेनवमीचा एक रिवाज होता. यंत्र आधी बंद करायचं, पुसून लख्ख करायचं, आणि पहिली अक्षता यंत्र जिथं फिरतं तिथं वाहायची. बाकी अंगाला नुसतं बोट टेकवलं तरी चालेल. फिरणाऱ्या जागेचा मान पहिला.

निवृत्त झाल्यापासून घरी मिक्सरला आणि स्कूटरला कुंकू लावून ते नवमी साजरी करत. या वर्षी मात्र त्यांच्या मनात आलं, घरातलं खरं यंत्र टेबलावर आहे. बंद करायला गेले तर पडद्यावर 'अपडेट करून बंद करा' असं आलं. दाबलं. पडदा काळा झाल्यावर त्यांनी लॅपटॉप उलटा केला, मऊ फडक्यानं पुसला. पोटाशी बारीक फटींची जाळी होती, जाळीमागे रुपयाएवढा पंखा. हेच फिरतं. त्यांनी जाळीवर हळद वाहिली, कुंकू वाहिलं आणि चिमूटभर आंबेमोहोर तांदळाच्या अक्षता.

पद्माबाईंनी टेबलावर बोटांनी टकटक केली. लॅपटॉप बंद, म्हणजे त्यांचे शब्दही बंद. त्यांनी पुन्हा टकटक केली, जोरात, मान हलवून.

"अगं, आवाज करू नकोस," मधुसूदनराव डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले. "पूजा चाललीय."

बोलताना त्यांना काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. लॅपटॉप सुरू केला तर पडद्यावर अक्षरं आली, 'अपडेट पूर्ण होत आहे. बंद करू नका.' खाली आकडा चढू लागला. वीस टक्के, तीस, पस्तीस, आणि फटकन अंधार. पुन्हा सुरू केला. तेहतीसला अंधार. चौथ्या वेळी पद्माबाईंनी वहीचं पान पुढे सरकवलं. 'पूजेत आत काही गेलं का?'

"अक्षतेनं कधी काही बिघडतं का? पस्तीस वर्षं वाहतोय. एक मशीन शिंकलं नाही."

केयूरला फोन लावला. "बाबा, अपडेटचाच घोळ आहे. काल ते आलं, आज हे झालं. सरळ आहे."

मधुसूदनरावांना नेमकं हेच ऐकायचं होतं. दुकानात नेण्याआधी त्यांनी लॅपटॉपच्या पोटावरचं हळदकुंकू ओल्या फडक्यानं पुसून काढलं. का पुसतोय, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

दुकान अपेक्षाचं. ती मूळच्या गावकऱ्यांतली. चौकातल्या गाळ्यात चार वर्षांपासून लॅपटॉप दुरुस्त करत होती. तिनं चार दिवस खटपट केली आणि पाचव्या दिवशी मधुसूदनरावांना समोर स्टुलावर बसवलं.

"काका, सेफ मोडमधी जाईना. अपडेट मागं घ्यायला लावलं तर ते बी निम्म्यात मरतंय."

"मग डिस्क काढून दुसऱ्याला लाव की."

"डिस्कवरचं तेवढं झाकण खोलून लावून बघितली. कुलूप हाय तिला, आन् किल्लीचा आकडा ह्याच मशीनच्या पोटात. तुमी कुठं लिहून ठेवलाय का?"

"नाही."

"मग फॉरमॅट. मशीन पळंल, पर आतलं काय बी ऱ्हाणार न्हाई. काय हाय आत? फोटो?"

मधुसूदनरावांनी लॅपटॉपवर हात ठेवला. "तुझ्या बाई आहेत."

अपेक्षाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली आला. ती पद्माबाईंच्याच वर्गातली. मग तिनं सगळं विचारून घेतलं आणि लॅपटॉप पिशवीत घालून त्यांच्या हातात दिला. "म्या नाय दाबणार ते बटन. बाईंना विचारा. त्या हो म्हणल्या तर आणा."

घरात ते दिवस वाईट होते. बेल वाजली की 'कोण आहे?' येत नव्हतं. पोळ्या होत होत्या, कपडे वाळत होते, पण घर कुणी सामान हलवून नेल्यासारखं पोकळ वाटायचं. मधुसूदनरावांनी एकदा मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर टाकून पाहिला. पद्माबाईंनी तो उचलला, दोरीवर टाकला, आणि वहीकडे गेल्यासुद्धा नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी वहीची चार पानं भरली होती. आता दिवसाकाठी एखादी ओळ.

मधुसूदनरावांनी अपेक्षाचा निरोप सांगितला. पद्माबाईंनी शांतपणे लिहिलं, 'करा फॉरमॅट. सवय होईल.'

मधुसूदनरावांनी ती ओळ पुन्हा वाचली. कुणाला सवय होईल, ते तिनं लिहिलं नव्हतं.

त्यांनी फॉरमॅट केलं नाही. जुन्या सवयीनं नोंदवही घेतली आणि यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करून आकडे मांडत गेले. सकाळी सहाला, बेचाळीस टक्के. दुपारी दोनला, अठ्ठावीस. गादीवर ठेवून, एकोणीस. पंख्याखाली, थंड फरशीवर, पंचेचाळीस. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते पान समोर धरलं, आणि टूलरूममधला माणूस त्यांच्यात जागा झाला. आत लिहिलेलं काही चुकलं असतं तर यंत्र रोज एकाच आकड्यावर मेलं असतं. हे गार असताना टिकतं आणि तापलं की मरतं. हा ताप आहे.

त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर काढला, मूठ कानाला लावली, टोक लॅपटॉपच्या पोटाला. कारखान्यात बेअरिंग असंच ऐकायचे. यंत्र सुरू केलं. पंख्याची घरघर यायला हवी होती. त्याऐवजी आला एक बारीक 'टिक'. थांबला. पुन्हा 'टिक'. काहीतरी उठायला बघत होतं आणि अडत होतं.

लेथचा ऑपरेटर भेंडी खातो की नाही हे ओळखणाऱ्या कानाला पुढचं ओळखायला वेळ लागला नाही.

पद्माबाई स्वयंपाकघरात होत्या. चार स्क्रू काढायचे, दाणा खिशात घालायचा, आणि 'पंखा जाम झाला होता' एवढं म्हणायचं. खोटंही झालं नसतं. मधुसूदनरावांनी पहिला स्क्रू अर्धा फिरवला. मग हात मागे घेतला.

"पद्मा, इकडे ये. तुझ्यासमोर उघडतो."

त्या पदराला हात पुसत आल्या. झाकण निघालं. पंख्याच्या दोन पात्यांत, हळदीनं पिवळा झालेला, एक अख्खा आंबेमोहोर.

मधुसूदनरावांनी तो दाणा चिमट्यानं काढून बशीत ठेवला. बोटानं पंखा फिरवला, फिरला. झाकण लावलं, यंत्र सुरू केलं. पस्तीस आलं. छत्तीस. पन्नास. ऐंशीला बराच वेळ अडलं, तेव्हा मधुसूदनराव खुर्चीतून उठले आणि उगाच पुन्हा बसले. शंभर. मग एकामागून एक चौकोन उगवले, तीनशे बारा.

पद्माबाईंनी बोट पुढे केलं, पण मधुसूदनरावांनी आधी बोलून घेतलं.

"तू विचारलं होतंस. मी ऐकलं नाही. वर हळद पुसून मग दुकानात नेला. आणि त्या दिवशी तुला म्हणालो, आवाज करू नकोस. तुला."

पद्माबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. बोट चौकोनांवरून फिरू लागलं. ते बघत होते. 'मी सांगितलं होतं' हा चौकोन पहिल्याच ओळीत होता. बोट त्याच्यावर थांबलं आणि पुढे गेलं. पुढच्या ओळी. त्याच्या पुढच्या. त्या अकरा दिवसांत औषधांची, पाहुण्यांची, भाजीवाल्याची, केयूरच्या लग्नाचीसुद्धा वाक्यं भरून झाली होती. नवऱ्याला माफ करायचं वाक्य भरायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बोट शेवटपर्यंत गेलं आणि परत वर आलं.

मधुसूदनराव बशीतल्या दाण्याकडे बघत बसले.

"सांडलंत ना परत!" लॅपटॉप कडाडला.

हे वाक्य चहासाठी भरलेलं होतं. मधुसूदनरावांच्या तोंडून जे निघालं ते हसू होतं की काय, हे त्यांना स्वतःला कळलं नाही. चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याच्या टोकानं पुसला, आणि पुसतच राहिले.

दुपारी अपेक्षा आली, दाण्याची सगळी गोष्ट ऐकली. बाईंची परवानगी घेऊन तिनं त्यांच्या आवाजाच्या तीन प्रती केल्या, तिन्ही घरातच ठेवायच्या. मग मधुसूदनरावांकडे वळली. "पुसलं कशाला, काका? पोटावर पिवळं दिसलं असतं तर म्या पयल्याच दिवशी पंखा खोलला असता." त्यांनी बशी जरा बाजूला सरकवली. "फुडल्या नवमीला लांबनंच हात जोडा," ती म्हणाली, आणि बाईंना वाकून नमस्कार करून गेली.

दाणा बशीतच होता. वाहिलेली अक्षता केरात टाकवेना. मधुसूदनरावांनी गॅलरीतल्या जास्वंदीच्या कुंडीत बोटानं माती उकरली, तो आत ठेवला, माती सारखी केली. आत येऊन ते टेबलाशी बसले, आणि पद्माबाईंनी ठेवलेल्या चहाकडे हात नेला.

"आधी हात धुवा."

ते उठले. हात धुवून झाल्यावरही ते नळ बंद करून तिथंच उभे राहिले, ती आणखी काही म्हणते का, ते ऐकत.