साहेबांना उचलणाऱ्या बाईची गोष्ट

मंजुषा शेंडे बालाघाटच्या एका खाजगी दवाखान्यात नोकरभरतीचं काम बघायची. सहा वर्षांत हजारेक उमेदवार तिच्या टेबलासमोर बसून गेले असतील. त्यांतले काही असे निघायचे की घरी जाऊन नवऱ्याला सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. "तुमच्यातला एक दोष सांगा" असं विचारल्यावर एकानं सोबत आलेल्या बायकोकडे बोट दाखवून "हिले विचारा" म्हटलं होतं. दोन जुळे भाऊ एकच अर्ज घेऊन आले होते. एक दिवसपाळी करेल, एक रातपाळी, नोकरी एकच द्या, असं त्यांचं म्हणणं. एक मुलगी व्हिडिओवर मुलाखत द्यायला नेटवर्कसाठी घराच्या छतावर चढली आणि उत्तरं चालू असतानाच तिच्या आजीनं खालून शिडी काढून नेली.

मंजुषा सांगायचीही झकास. आवाज काढायची, चेहरे करायची, नेमक्या जागी थांबायची. वारासिवनीला माहेरी गेली की वहिन्या आणि शेजारणी तिला मध्ये बसवून घ्यायच्या. आणि सगळ्यात जास्त फर्माईश असायची ती साहेबांना उचलणाऱ्या बाईची.

झालं होतं असं. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची सेवा करायला दवाखान्याला बाया हव्या होत्या. मुलाखतीला मंजुषा आणि दवाखान्याचे व्यवस्थापक लिल्हारे साहेब बसले होते. जवळच्या भरवेली गावची एक बाई आली. पंचेचाळिशीची असेल. चपला दाराबाहेर काढून आत आली आणि 'बसा' म्हटलं तरी उभीच राहिली. स्वतःबद्दल सांगा म्हटल्यावर तिनं विचारलं, सगळं सांगू का कामापुरतं? लिल्हारे साहेबांनी घड्याळाकडे बघत अनुभवाचा कागद मागितला.

"कागद नाई, साहेब. करून दाखवतो," ती म्हणाली.

आणि कुणाला काही कळायच्या आत ती टेबलाला वळसा घालून गेली, साहेबांच्या काखेत हात घातले आणि नव्वद किलोंचा तो माणूस खुर्चीतून उचलून बाजूच्या सोफ्यावर आडवा केला. त्यांना कुशीवर वळवलं, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी सरकवली, बूट-मोजे काढून टाचा तपासल्या. दोन-दोन घंट्यांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीले जखमा होतात, असं तिनं मंजुषाला समजावून सांगितलं आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

तिच्या अर्जावर लाल शाईनं 'प्रमाणपत्र नाही' असं लिहिलं गेलं. ती गेल्यावर मंजुषा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

सुरुवातीला ती ही गोष्ट जशी घडली तशी सांगायची, आणि तेवढ्यावर लोक हसायचे. पण पाच-सहा वेळा सांगून झाल्यावर शेवट तिला फिका वाटायला लागला. मग तिनं एक तुकडा जोडला. बाई जाताजाता पदरानं साहेबांचं तोंड पुसते आणि लहान पोराला विचारावं तसं विचारते, "शू लागली का, राजा?" या वाक्यावर लोक लोटपोट व्हायचे. पुढेपुढे तर हे वाक्य बाई खरंच बोलली होती असं मंजुषालाही वाटायला लागलं.

फेब्रुवारीत एका कॉलेजनं तिला 'मुलाखतीला कसं जावं' या विषयावर बोलायला बोलावलं. दोनशे मुलंमुली होती. मंजुषानं त्यांना जुळे भाऊ सांगितले, शिडी सांगितली आणि शेवटी पदर खोचून बाई करून दाखवली. अख्खं सभागृह हसत होतं.

कार्यक्रमानंतर ती गाडीकडे निघाली, तेव्हा एक मुलगी मागून आली. अंगानं बारीक, पाठीवर बॅग. नाव ज्योत्स्ना गजभिये, बीएस्सीला आहे, असं तिनं सांगितलं. मग म्हणाली, "मॅडम, ती माझी आई होती."

अगं, मी नाव कुठं घेतलं, असं काहीतरी मंजुषा म्हणून गेली.

"नाव नाई घेतलं तुम्ही. पण तुम्ही तिले 'नाही' म्हणून कळवलंबी नाई. चार महिने झाले. आई फोन सोबत घेऊन न्हाणीत जाते, तुमचा फोन येईल म्हणून. तेवढं तरी कळवून टाका."

मुलगी रडली नाही, आवाजही चढवला नाही. एवढं बोलून ती सायकल स्टँडकडे गेली.

त्या दिवशी मंजुषाला घरी कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. फोनवर कळवणं सोपं होतं. दोनदा तिनं नंबर काढला आणि ठेवून दिला. रविवारी सकाळी अर्जावरचा पत्ता बघून ती स्कूटीनं भरवेलीला गेली. सगळं सांगायचं आणि माफी मागायची, असं तिनं ठरवलं होतं.

दारात ज्योत्स्नाची आई, अनुसयाबाई, स्वतःच बसल्या होत्या, तांदूळ पाखडत. मंजुषाला बघताच त्या सूप टाकून उठल्या. शेजारणीला हाक मारून म्हणाल्या, "पाह्य, आली मॅडम. मी म्हणत होतो ना, येतेत म्हणून." मग मंजुषाचा हात धरून तिला आत नेलं, खुर्ची पुसून दिली. कधीपासून यायचं, साडी दवाखान्याची असते की घरची चालते, असं विचारत त्यांनी चहा करून तिच्या हातात दिलासुद्धा. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्या शेजारी एका माणसाचा हार घातलेला फोटो. कोपऱ्यात एक लोखंडी खाट उभी करून ठेवली होती.

हे आमच्या ज्योत्स्नाचे बाबा, अनुसयाबाई फोटोकडे बघून म्हणाल्या. लकवा मारला होता. सहा वर्षं खाटेवर होते, पण पाठीवर एक जखम होऊ दिली नाही, असं त्यांनी सांगितलं. मंजुषानं हातातला कप खाली ठेवला.

ज्योत्स्ना आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"ताई, मी नोकरीचं सांगायला नाही आले," मंजुषा म्हणाली. "ती जागा तेव्हाच भरली. मी कळवायला पाहिजे होतं. कळवलं नाही."

अनुसयाबाईंचा चेहरा एकदम उतरला नाही. त्यांनी आधी जळत राहिलेला स्टोव्ह बंद केला. मंजुषानं पुढचंही सांगून टाकलं. मी तुमची मुलाखत लोकांना गंमत म्हणून सांगत असते, मुलीच्या कॉलेजातही सांगितली, सगळे हसले, मला माफ करा.

"गंमत? काहून?" अनुसयाबाईंनी विचारलं. "मी काय केलं होतं?"

त्यांना खरंच कळलं नव्हतं. आता मंजुषाला ती गोष्ट त्यांच्याच समोर सांगणं भाग होतं. तिनं सांगायला सुरुवात केली. चपला, कागद, करून दाखवतो, काखेत हात. हजार वेळा घोटलेली गोष्ट, पण जिथं लोक हसायचे त्या प्रत्येक जागी आता तिची जीभ अडखळत होती. अनुसयाबाई मान हलवत ऐकत होत्या. सगळं बरोबर आहे, असंच तर केलं होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. टाचा तपासल्या तिथं मंजुषानं गोष्ट संपवली.

"शेवटचं राह्यलं, मॅडम," दारातून ज्योत्स्ना म्हणाली.

मंजुषानं मान वर केली नाही.

"सांगा ना. कॉलेजात तर सांगितलं."

मग मंजुषानं तेही सांगितलं. पदरानं तोंड पुसणं, आणि ते वाक्य. तिचा आवाज इतका खाली गेला की अनुसयाबाईंना पुढे वाकून ऐकावं लागलं.

बाहेर शेजारीण कोंबड्या हाकलत होती.

"असं मी तिथं नाई म्हटलं," अनुसयाबाई म्हणाल्या. "यायले, ज्योत्स्नाच्या बाबाले म्हणत होतो. राजाच म्हणत होतो. बोलता येत नव्हतं त्यायले, म्हणून विचारत राहावं लागे." त्यांनी फोटोकडे बघितलं आणि मग मंजुषाकडे. "तुमाले कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मंजुषानं ते आपल्या डोक्यातून काढलं होतं, लोक अजून जोरात हसावेत म्हणून. हे तिनं कबूल केलं. अनुसयाबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या उठल्या, तिचा निवलेला चहा पुन्हा गरम करायला नेला आणि तिला तो पूर्ण प्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी ती लिल्हारे साहेबांकडे गेली. चार महिन्यांपूर्वी घेतलेली प्रमाणपत्रवाली मुलगी अकरा दिवसांत सोडून गेली होती, त्या जागेवर या बाईला घेऊ या, असं तिनं सुचवलं. साहेबांनी फाइलमधून डोकं वर काढलं. "शेंडे मॅडम, पूरा स्टाफ मुझे देखके हँसता है. वो आएगी तो उसपे भी हँसेंगे. ये किस्सा फैलाया किसने?" असं म्हणून त्यांनी पुन्हा फाइलमध्ये डोकं घातलं.

अनुसयाबाईंना पुढे हट्टा गावात काम लागलं, एका निवृत्त मास्तरांच्या आजारी बायकोची सेवा करायचं. ते ज्योत्स्नानंच कुणाला तरी विचारून जमवलं. मंजुषानं शिफारशीचं पत्र लिहून पाठवलं होतं. ते उपयोगी पडलं की नाही, हे तिला कुणी सांगितलं नाही. ती आता मुलाखतीनंतर प्रत्येकाला फोन करून होय की नाही ते कळवते. उमेदवारांच्या गोष्टी सांगणं तिनं बंद केलं. वहिन्यांना वाटलं, हिला बढती मिळाली असेल, म्हणून शिष्ट झाली.

मे महिन्यात वारासिवनीला चुलतभावाच्या लग्नात ती जेवायला बसली होती. पलीकडच्या पंगतीत गोंदियाहून आलेला कुणी पाहुणा गोष्ट सांगत होता. एका दवाखान्यात एक बाई मुलाखतीला येते आणि साहेबाला उचलून नेते. त्याच्या गोष्टीत बाई साहेबाला टेबलावर आपटत होती, आणि ती भरवेलीची नव्हती, कुठल्याशा जंगलातली होती. तोंड पुसणं मात्र तसंच होतं, आणि ते वाक्यही. सगळी पंगत हसली.

मंजुषा हातातला घास ठेवून उठली आणि त्याच्यापाशी गेली.

"भाऊ, असं नव्हतं झालं," ती म्हणाली. "त्या बाईनं त्यांना अलगद ठेवलं होतं. आणि ते शेवटचं ती बोललीच नव्हती."

पाहुणा हसतच होता. "तुमाले का माहीत, ताई? तुमी होत्या का तिथं?"

"होते," मंजुषा म्हणाली. "ते शेवटचं मीच जोडलंय."

लोकांना वाटलं, हीसुद्धा गंमतच. ते आणखी हसले. वाढपी भात घेऊन आला आणि तिला बाजूला व्हायला सांगून पुढे गेला.