नळावरची पकड

मी एक जुनी पकड आहे. मित्रांनो, पकड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे खिळे उपटणारी ती जाडजूड, बोथट तोंडाची बाई आली असेल, तर आधी तिला बाजूला करा. माझा तिच्याशी काही संबंध नाही. मी नोज पकड. लांब निमुळतं नाक, आतून बारीक दाते, बुडाशी तार कापायची धार आणि मुठींवर लाल रबर. आता त्या रबराचा रंग विटलाय आणि दाते तर गेलेच. ते कसे गेले, तेच सांगायला बसलेय.

जन्म माझा दूर पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. तापवलं, ठोकलं, तेलात बुडवलं आणि पेटीत घालून पाठवून दिलं. खरं आयुष्य सुरू झालं ते खोपोलीच्या हार्डवेअरच्या दुकानात. कुंभिवलीचा कमळाकर तिथं आला, तेव्हा त्याला नुकतीच रसायनीच्या कारखान्यात वायरमनची नोकरी लागली होती. त्याने दुकानातली एकेक पकड मिटून उजेडाकडे धरली. मिटल्यावर मधून उजेड दिसला की ती बाद. माझ्यातून काही दिसलं नाही. "हीच द्या," तो म्हणाला. अशी पारख असलेला माणूस भेटायला नशीब लागतं हो!

त्याच्या हातात मी काय काय केलं म्हणून सांगू! तारेचं टोक माझ्या नाकात धरायचं आणि स्क्रूच्या अंगाने गोल वळवायचं, हे आमचं रोजचं काम. कमळाकरने वळवलेली कडी इतकी गोल असायची, की शिकाऊ पोरं बघायला यायची. संध्याकाळी तो मला तेलाच्या फडक्याने पुसायचा. कुणी उसनी मागितली तर म्हणायचा, "माझी सायकल ने, माझा डबा खा, पन हिला हात लावू नको." ते ऐकलं की माझं नाक आणखी वर व्हायचं.

मग तो रिटायर झाला. त्याला शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि मला मिळाला पलंगाखालचा पत्र्याचा डबा. एकदा मोरीतल्या नळाची मूठ तुटली. नवा नळ आणेपर्यंत तात्पुरती म्हणून कमळाकरने मला काढलं आणि मुठी तारेने बांधून नळाच्या दांड्याला लावून ठेवलं. तात्पुरती! मित्रांनो, या शब्दापासून सावध राहा. नवा नळ आलाच नाही. साबणाचा फेस, भांड्यांचं खरकटं, शेवाळ, सगळं अंगावर घेत मी तिथंच लटकत राहिले. नाकावर गंज चढला. जो माणूस मला तेलाने पुसायचा, तोच मला फिरवून पाय धुवायचा आणि वर बघायचासुद्धा नाही. मला त्याचा फार राग यायचा.

या घरात उज्वला सून म्हणून आली. ती नेरळची. तिची आई गजरे करून विकायची, त्यामुळे सुई-दोरा तिच्या हातात लहानपणापासूनचा. हायवेजवळच्या एका गोडाऊनमध्ये ती पॅकिंगला जायची. गोडाऊन बंद पडलं आणि ती घरी बसली. बसली म्हणजे नुसती नाही. मोबाईलवर मण्यांचे हार कसे करतात ते बघायची, कर्जतच्या बाजारातून मणी आणायची आणि दुपारभर ताटात मणी पसरून रंगाला रंग लावून बघायची. मोरीचं दार उघडं असलं की मला ते ताट दिसायचं. निळ्याशेजारी पांढरा, पांढऱ्याशेजारी पिवळा, छे, पिवळा नको, परत काढ. काय सुंदर दिसायचं ते! आपल्याला कुणी बघतंय हे तिच्या गावीही नसायचं.

कमळाकरची मुलगी पौर्णिमा, म्हणजे उज्वलाची नणंद. तिचं लग्न मे महिन्यात ठरलं. एक दिवस ती ताटाशी येऊन बसली आणि म्हणाली, "वहिनी, माझ्या लग्नात मी तूच केलेला हार घालणार. पांढरा आणि निळा."

"वेडी झालीस काय गं? मला अजून धड येत नाय."

"मग शिक. मी भाड्याचा सेट घालणार नाही म्हणजे नाही."

हे पौर्णिमेच्या आईला, मालनबाईला, मुळीच पटलं नाही. खोपोलीच्या दुकानात लग्नाचे सेट भाड्याने मिळतात, ती तिथं बघूनही आली होती. "पावणे काय म्हनतील? सुनेचा खेळ पोरीच्या गळ्यात घातला म्हनतील," ती म्हणाली. शेवटी असं ठरलं, की रविवारपर्यंत उज्वलाने हार दाखवायचा. जमला तर ठीक, नाहीतर दुकानदाराला सेट राखून ठेवायला सांगायचं. उज्वलाने मान डोलावली आणि मण्यांचं ताट पुढे ओढलं.

आता बघा, हाताची सवय कशी असते. गजरा ओवणारे दोरा आधी पाण्यात भिजवतात, म्हणजे तो मऊ राहतो आणि फूल कापत नाही. रविवारी सकाळी उज्वलानेही तेच केलं. वाटीत पाणी घेतलं, सुती दोरा बुडवला, चिमटीत ओढून निथळवला आणि त्यात रंग दिलेले निळे लाकडी मणी ओवले. मधेमधे पांढरे मोती. ओवला किती सफाईने! घरात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, कारण त्या घराने दोऱ्यात फक्त फुलंच ओवलेली पाहिली होती.

रविवारी मालनबाईने पेटीतून स्वतःची पांढरी साडी काढली. बुद्धपौर्णिमेला विहारात जाताना नेसायची ती, वर्षभर कापूर घालून ठेवलेली. "नवरी पांढरीच नेसनार, पांढऱ्यावर कसा दिसतो ते कळू दे," म्हणत ती नेसली, हार गळ्यात घातला आणि अंगणात उन्हात जाऊन उभी राहिली. हार दिसत होता छान. मालनबाईसुद्धा दोन घटका खूश झाली, शेजारणीला दाखवून आली. पण ऊन कडक, गळ्याला घाम, आणि आतला दोरा अजून ओलाच. ती परत आली तेव्हा हार सैल होऊन लोंबत होता आणि खांद्यावरून पदरावर निळे ओघळ उतरले होते.

"अगं आई गं!" पौर्णिमा किंचाळली.

 मालनबाईने साडी बदलली, डागाळलेल्या साडीचा बोळा उज्वलाच्या हातात दिला आणि आत जाता जाता म्हणाली, "सकाळीच दुकानात फोन करा."

उज्वला मोरीत आली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. साडी दगडावर टाकली, मला धरलं आणि नळ सोडला. साबण लावून ती डाग चोळत राहिली, पण तो निळा हटेना. तिने पाणी वाढवायला मला पुन्हा धरलं आणि एकदम थांबली. वाकून माझ्या नाकाकडे बघत राहिली. कितीतरी वर्षांनी माझ्याकडे कुणीतरी नीट बघितलं, मित्रांनो! माझ्या अंगावर काटा आला.

"अगंबाई! ही तर तीच!" ती म्हणाली. मोबाईलमधली बाई ज्या अवजाराने तार वळवायची, ते मुंबईला गेल्याशिवाय मिळायचं नाही असं उज्वला समजून चालली होती. आणि रोज ती तेच फिरवून भांडी घासत होती.

तिने तार सोडून मला नळावरून उपसलं, पॉलिश पेपरने गंज घासला, मधल्या खिळीत खोबरेल सोडलं आणि पलंगाखालच्या डब्यातली तार माझ्या नाकात धरून वळवून बघत बसली. तेवढ्यात पाय धुवायला कमळाकर मोरीत गेला.

"पकड कुठं गेली रं? नळ कसा सोडायचा मानसानं?" तो ओरडतच बाहेर आला. उज्वलाच्या हातात मला बघितलं आणि जागीच थांबला. मी घासूनपुसून चकचकत होते. त्याने हात पुढे केला, मला घेतलं आणि मिटून उजेडाकडे धरलं, पहिल्या दिवशी धरलं होतं तसं. मधून उजेड अजूनही दिसत नव्हता. माझा सगळा राग तिथंच गेला, खोटं कशाला बोलू!

"बाबा, मला तारेची कडी करायची हाय," उज्वला हळूच म्हणाली. "दोऱ्याचं नकोच आता. एकेक मणी तारेत घालून कडीला कडी जोडायची. पन माझी कडी अंड्यासारखी होते."

कमळाकर तिथंच जमिनीवर बसला. "तार ओढतीस तू. ओढायची नाय, वळवायची. थोडी वळव, सोड, परत धर. घाई केलीस की ती बिघडलीच." त्याने एक कडी केली. गोल! उज्वलाने ती बघून आपली केली, मोडली, परत केली. तिने मोबाईलवर शिकलेली एक गोष्ट त्याला दाखवली, की जोडताना कडी फाकवायची नाही, दार उघडतात तशी बाजूला सरकवायची, म्हणजे मिटल्यावर फट राहत नाही. "हे मला ठाव नव्हतं," कमळाकर म्हणाला आणि दोन-चारदा करून बघितलं.

पण एक घोटाळा झाला. जिथं मी तार धरायचे, तिथं माझ्या दात्यांचे ओरखडे उठायचे. स्क्रूखाली दडणाऱ्या तारेचं चालतं, गळ्यातल्या तारेचं नाही. उज्वलाने मला कापड गुंडाळलं, चिकटपट्टी लावून पाहिली, पण मग तार निसटायची. कमळाकर बराच वेळ बघत होता. मग उठला, डब्यातून कानस आणली आणि म्हणाला, "आन इकडं."

"बाबा, दाते घासले तर तुमच्या कामाची राहनार नाय ती."

"माझं काय काम उरलंय? नळ सोडायचं?"

त्याने माझे दाते घासले. दुखलं, मित्रांनो. ज्या दात्यांवर मी इतकी वर्षं मिजास केली, त्यांचा भुगा वर्तमानपत्रावर पडत होता. पण हात त्याचा होता आणि तो मधेमधे फुंकर घालत होता. शेवटी बोट फिरवून बघितलं आणि मला उज्वलाच्या ओंजळीत ठेवलं. "आता ही तुझी," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी जाऊन तो नवा नळ घेऊन आला.

मग आम्ही कामाला लागलो. उज्वलाने यावेळी काचेचे निळे मणी आणले, आणि आणल्याबरोबर पांढऱ्या चिंधीत बांधून पाण्यात टाकले. दिवसभराने चिंधी सोडली तर ती पांढरीच. तेव्हा कुठं पहिला मणी तारेत गेला. दुकानातला सेट मालनबाईने राखून ठेवला होताच, तिने तो सोडला नाही, आणि उज्वलाने सोडा असं म्हटलंही नाही. ती नुसती कड्या करत राहिली. वेडीवाकडी झालेली एकही कडी तिने हारात जाऊ दिली नाही. मी कारखान्यात मोठमोठे कारागीर पाहिलेत, पण चुकलेलं काम इतक्या शांतपणे मोडणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

लग्नाच्या दिवशी दोन्ही तयार होते, भाड्याचा सेट आणि उज्वलाचा हार. पौर्णिमेने सेटच्या डबीकडे बघितलंच नाही. पांढरी साडी, त्यावर तो निळा-पांढरा हार. उज्वलाने मला पर्समध्ये घेतलं होतं, न जाणो कडी सुटली तर!

त्रिसरण, पंचशील झालं. नवऱ्यामुलाने फुलांचा हार पौर्णिमेच्या गळ्यात घातला, आणि तो नेमका उज्वलाच्या हारात अडकला. नवऱ्यामुलाला कळेना, त्याने ओढला. पौर्णिमेची मान पुढे आली. उज्वलाने पर्समध्येच माझी मूठ अशी आवळली की बस्स! आणखी एक हिसका बसला. फुलांचा दोरा तुटला, पाकळ्या खाली सांडल्या. आमच्या हारातली एकही कडी हलली नाही. उज्वलाचा जीव भांड्यात पडला आणि माझाही.

जेवणाच्या वेळी बायका पौर्णिमेभोवती जमल्या. कुठनं घेतला, कुणी केला, विचारू लागल्या. एकीची नजर मालनबाईच्या पदराकडे गेली. "मालन, अगं लग्नाला डागाची साडी नेसलीस? दुसरी नव्हती काय?"

तेव्हा माझ्या आणि उज्वलाच्या लक्षात आलं. तीच साडी होती. मालनबाईने पदर लपवला नाही, उलट पुढे घेऊन खांद्यावर नीट पसरला.

"हाय की दुसरी," ती म्हणाली. "पन ह्यो माझ्या सुनेच्या पयल्या हाराचा डाग हाय. त्यो आधी माझ्या अंगावर पडला, म्हनून आज माझी पोर अशी दिसतीया."

उज्वला तोंडावर पदर घेऊन रडायला लागली, आणि मालनबाईने तिला जवळ ओढलं.

मित्रांनो, एवढंच मागते. घरी गेलात की आपल्या मोरीत, नळावर, पलंगाखालच्या डब्यात एकदा बघा, कुणी तात्पुरतं लटकत पडलंय का. आणि तुमच्या घरात कुणी काही नवीन करायला बसलं, अन् त्याच्या पहिल्या चुकीचा डाग तुमच्या अंगावर पडला, तर रागवा हवं तर, पण ती साडी टाकून देऊ नका.