पळसाचं पाणी आणि केशरबाईची पाठ

"हाण, चंद्रभान, हाण! तुझी बायको न्हाई ती, चरबीतलं भूत हाय!" काढेबाबा खेकसला आणि झरीच्या बाजारातल्या गर्दीनं टाळ्या पिटल्या. चंद्रभाननं आसूड ओढला तशी केशरबाई तोंडघशी पडली.

सालभरात तिचं अंग फुगलं होतं. चार पावलं टाकली की धाप लागायची. चंद्रभानचा तिच्यावर जीव होता, म्हणूनच तो बाबाकडे आला होता. आणि जीव असलेला नवरा असा जीव खाऊन मारत होता! अक्कल गहाण पडली की हातही आपला राहत नाही.

बाबानं एक पांढरं फडकं तिच्या पाठीवरून फिरवलं आणि पळसाच्या फुलांच्या पिवळ्या काढ्यात बुडवलं. बघता बघता पाणी लाल झालं.

"बघा, चरबीचं रगत झालं! अजून लय उरलीय. पोटात काढा, पाठीवर आसूड! हाण!"

"मी मरन वो," केशरबाई कण्हली. तिच्या झंपरातून खरं रक्त झिरपत होतं, पण सगळी गर्दी पातेल्यात डोकावत होती.

चंद्रभाननं पुन्हा हात उचलला, तोच कुणीतरी त्याचं मनगट धरलं. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या खिल्लारे बाई होत्या. बाबाच्या चेल्यानं त्यांना ढकललं. कपाळ दगडावर आपटून फुटलं. त्या तशाच उठल्या, बाबाच्या झोळीतलं दुसरं कोरं फडकं हिसकलं आणि ताज्या काढ्यात बुडवलं. तोही लाल झाला.

"हे तर कुणाच्याच पाठीला लागलं नाही. मग ही चरबी कुणाची?" बाई कडाडल्या. "फडकी चुन्याच्या पाण्यात भिजवून वाळवलीत त्यानं! पळसाच्या फुलांत फ्लॅव्होनॉइड नावाची पिवळी द्रव्यं असतात. चुना लागला की ती लाल होतात. धुळवडीचा रंग असाच करता की घरोघर!"

चंद्रभान चरकला. आठवड्यापूर्वी रंगाच्या हंड्यात त्यानंच चुना कालवला होता.

"पन काढ्यानं चरबी झडती म्हनत्यात," म्हातारा मुंजाजी म्हणाला.

"झाडपाल्यातली असली द्रव्यं चरबीवर काय करतात, ते प्रयोगशाळेत तपासून, मापून ठरतं, आजोबा. तिथं कुणी कुणाला बडवत नाही. हिचं अंग का फुगलं, ते आधी दवाखान्यात कळू द्या."

मग गर्दी उलटली. लाथाबुक्क्यांनी बाबाचे दात पडले. चंद्रभानही आसूड घेऊन धावला. बाई आडव्या आल्या. "पोलिसांच्या ताब्यात द्या त्याला! मघाशी विचार न करता हिला मारलंत, आता विचार न करता त्याला मारायलात!"

परभणीला निघालेल्या जीपमध्ये केशरबाई पालथी पडली होती.

"मला फसवलं गं त्या भामट्यानं," चंद्रभान रडत म्हणाला.

"रंग त्यानं दाखवला," ती म्हणाली. "हात तुमचा व्हता."

वाचकहो, तुमच्या हातात कुणी आसूड दिला, तर आधी 'कशावरून?' एवढं विचारा. पाण्याचा रंग बदलला म्हणून माणसाला मारू नका.