पेन्सिलची खूण

नळकाकांनी बाप्तिस्म्याच्या कुंडात उतरून गुडघे टेकले आणि तळाच्या टाइलला कान लावला. कठड्याशी उभे असलेले तरुण पाळकसाहेब क्षणभर भारावून गेले. या माणसाला चर्चमध्ये गुडघे टेकलेलं त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं.

"काही ऐकू येतंय का, काका?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही बोलायचं थांबलात तर येईल."

पहिल्या बाकावर पांढरा झगा मांडीवर घेऊन बसलेली नळकाकांची बायको खाली मान घालून हसली. तिच्या हातात सुई होती. तो झगा चर्चचा, कोणा उंच माणसाच्या मापाने शिवलेला. नळकाका बेताच्या उंचीचे, तेव्हा खालून चांगली वीतभर दुमड घालावी लागत होती. उद्या सकाळच्या उपासनेत हाच झगा घालून ते याच कुंडात उतरणार होते, आणि कुंडच गळत होतं. आपल्या बाप्तिस्म्याचं कुंड आपणच दुरुस्त करून देणारा माणूस चर्चने याआधी पाहिला नसावा.

अख्खी वस्ती त्यांना नळकाका म्हणायची आणि ओघानेच बायकोला नळकाकू. लग्न झाल्यापासून ती एकही रविवार न चुकवता चर्चला येत असे. ते येत ते काहीतरी तुंबल्यावर किंवा फुटल्यावर. देवाशी त्यांचं भांडण नव्हतं. ओळखच नव्हती, एवढंच. म्हाताऱ्या विधवांच्या मोऱ्या ते फुकट साफ करत, ऐन थंडीत कोणाचा पाइप फुटला तर ताटावरून उठून जात, आणि कोणी आभार मानू लागलं की पाना पिशवीत टाकून चालू लागत.

येत्या बुधवारी त्यांच्या छातीचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी ती तारीख दिली तेव्हापासून काकूंची झोप उडाली होती. मरणाची भीती तिला फारशी नव्हती. मेल्यावर आपण स्वर्गात आणि बाप्तिस्मा न घेतलेले हे दुसरीकडे, हा विचार मात्र तिला सोडत नव्हता. स्वर्ग कितीही सुंदर असला तरी तिथे यांच्याशिवाय करायचं काय? ती त्यांना काही बोलली नव्हती. आणि एक दिवस जेवता जेवता तेच म्हणाले, "मी म्हणतो, घेऊन टाकू तो बाप्तिस्मा." तिच्या हातातला चमचा खाली पडला होता.

"सापडलं," नळकाका कुंडातून म्हणाले. "बुचाखालचा सांधा गेलाय."

त्यांनी जुना वॉशर काढला, नवा बसवला आणि आट्यांवर धागा गुंडाळू लागले. पाळकसाहेबांना राहवेना.

"काका, उद्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायची होती. तुम्ही पुष्कळांचं भलं केलंत, सगळ्यांना माहीत आहे. पण नुसत्या सत्कृत्यांनी तारण होत नाही, स्वर्ग मिळत नाही. तारण विश्वासानेच मिळतं. विश्वास खरा असला की चांगली कामं त्याच्या मागोमाग येतातच."

"माझं उलट झालं असेल," नळकाका पाना आवळत म्हणाले. "कामं पुढे निघून आली आणि विश्वास मागे कुठेतरी राहिला."

"मग आता तो पोहोचला का?"

नळकाकांनी पाना आणखी एकदा फिरवला. "जरा तो टॉर्च इकडे धरा."

पाळकसाहेबांनी टॉर्च धरला. चांगला पोरगा होता, हट्टाने बोलत नव्हता, खरोखरच काळजीने विचारत होता. त्यांना एका आजाऱ्याला भेटायला जायचं होतं. किल्ली काकूंकडे देऊन ते निघाले आणि जाताना काकांना म्हणाले, "उद्या मी फक्त एकच प्रश्न विचारणार आहे. मनापासून उत्तर द्या, म्हणजे झालं."

कुंड भरायला बराच वेळ लागला. पाणी तिसऱ्या पायरीवर आलं तसा नळकाकांनी नळ बंद केला, कानामागची पेन्सिल काढली आणि पाणी जिथे टेकलं होतं तिथे टाइलवर बारीक रेघ मारली. ही त्यांची जुनी पद्धत. रात्रभर पाणी तसंच ठेवायचं, सकाळी येऊन रेघ बघायची. पाणी रेघेखाली उतरलेलं नसेल तरच काम झालं म्हणायचं. तोवर कोणी कितीही विचारलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "उद्या बघून सांगतो."

ते पायऱ्या चढून वर आले आणि हात पुसत कठड्यावर टेकले. काकूंनी शेवटचा टाका घालून दोरा तोडला.

"एकदा म्हणून बघायचं का?" ती म्हणाली. "उद्या सगळ्यांसमोर गडबडायला नको. मी पाळकसाहेब होते."

"हो, तुला शोभेल. घरी रोजच प्रवचन असतं."

ती हसली नाही. उठून त्यांच्यासमोर उभी राहिली, आणि आवाज एकदम लहान झाला तिचा.

"प्रभूवर तुमचा विश्वास आहे का?"

"होय, होय. आहे ना," नळकाका म्हणाले.

हा 'होय' काकूंच्या चांगल्या ओळखीचा होता. फोनवर कोणी काकुळतीला येऊन बोलावू लागलं आणि यांना जाणं शक्यच नसलं, की छताकडे बघत, आवाज मऊ करून ते असंच म्हणायचे, "होय, होय. उद्या येतोच." समोरच्याला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. दुसऱ्या दिवशी त्या लोकांची बोलणी ती खायची. आयुष्यभर हा माणूस एवढं एकच खोटं बोलत आला होता.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

"होय. आहे विश्वास."

आत्ताही ते छताकडेच बघत होते.

ती त्यांच्याशेजारी कठड्यावर बसली. "का घेताय हो तुम्ही हा बाप्तिस्मा?"

नळकाकांनी फडक्याने बोटं पुसली, मग पुसलेलीच पुन्हा पुसली. "हे बघ, बुधवारी मी आत झोपलेला असेन. मला काय, भूल दिलेली असणार. बाहेर बाकावर तू एकटी बसशील. तासन्‌तास. तिथे तुझ्या डोक्याला हा घोर नको. बाकी काही नाही."

यांना सगळं कळलं होतं तर. ती एक शब्दही बोलली नसताना कळलं होतं. आजवर दुसऱ्यांच्या मोऱ्या उपसत आला, आणि आता बायकोचं मन हलकं व्हावं म्हणून देवासमोर उभं राहून खोटं बोलायलाही हा माणूस तयार झाला होता. तिला रडू यायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं. कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

तिने बाही कोपरापर्यंत सारली, वाकून पाण्यात हात घातला आणि बुचाची साखळी ओढली.

"अगं अगं, काय करतेस!" नळकाका उठलेच. "पाणी सकाळपर्यंत राहायला हवं. सांधा गळतोय का ते कळायला नको?"

"नाही गळणार."

"न बघताच?"

"तुम्ही केलाय ना तो."

पाणी पेन्सिलच्या रेघेखाली उतरलं होतं. नळकाकांनी एकदा रेघेकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

"आणि उद्या पाळकसाहेब?"

"त्यांना मी सांगते. तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्ही आपण होऊन या. नाही वाटलं तर नका येऊ."

"बरं," ते म्हणाले. मग थोडं थांबून, पाण्याकडेच बघत, "आणि वर विचारलं तर?"

"तिथेही हेच सांगेन. तुम्ही केलेलं गळत नाही."

ती बाकावर जाऊन बसली, झगा मांडीवर घेतला आणि कात्रीच्या टोकाने दुमड उसवू लागली. पुढचा माणूस उंच असला तर त्याला आखूड व्हायला नको. नळकाका आले आणि तिच्या शेजारी बसले. काम सोडून चर्चच्या बाकावर ते आज पहिल्यांदाच बसत होते. पाणी पुरतं वाहून गेल्याचा शेवटचा आवाज आल्याशिवाय त्यांना निघवत नसे, म्हणून दोघं ऐकत बसली.